शून्य सावलीचं ॲनिमेशन ब्राउझरमध्ये: कामाच्या नोंदी

२ मार्च

पुण्यात १३ मेच्या दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा हा योग येतो. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडचं एकही गाव यातून सुटत नाही. तरीही शाळेतल्या मुलांना हे क्वचितच बघायला मिळतं. मे महिन्यात सुट्टी असते आणि मुलं आजोळी गेलेली असतात. जुलैअखेर दुसरी तारीख येते तेव्हा शाळा भरलेली असते, पण आभाळही भरलेलं असतं.

म्हणून यंदा ॲनिमेशन करायचं ठरवलं आहे. काठी, तिची सावली, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सूर्य. मूल ज्या गावाला असेल तिथे, घरात ज्याचा फोन हाताला लागेल त्याच्या ब्राउझरमध्ये ते चाललं पाहिजे. ॲप डाउनलोड करा, अमुक प्लेअर टाका, असं काहीही सांगायचं नाही. दुवा उघडला की सावली हलली पाहिजे.

आणि एक अट आजच लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर घ्यायचे आहेत: मुलाने कुठेही थांबवलं तरी पडद्यावरची सावली आणि पडद्यावरचं घड्याळ एकाच मिनिटाचं असलं पाहिजे. नुसतं देखणं चित्र हलवायचं असतं तर एवढा खटाटोप नको होता. हे विज्ञानाचं चित्र आहे, वेळ चुकली की चित्रच खोटं ठरतं.

५ मार्च

ब्लेंडर या त्रिमित ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्य उभं केलं. जमीन, एक मीटर उंचीची काठी, वरून बघणारा स्थिर कॅमेरा. सूर्यासाठी सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन आहे. त्यात अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६, तारीख आणि वेळ भरली की दिवा आपोआप योग्य जागी जातो. सूर्याची आकाशातली रुंदी साधारण अर्धा अंश असते, तीही दिव्याला दिली. त्यामुळे सावलीची कड खऱ्या सावलीसारखी किंचित मऊ दिसते.

हिशोब असा बसवला: एक फ्रेम म्हणजे एक मिनिट. सकाळी ६.३० ते संध्याकाळी ६.३० म्हणजे ७२० मिनिटं, ७२० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या की बरोबर ३० सेकंद. ब्लेंडर पहिली फ्रेम १ धरतो, ती ० केली. आता फ्रेमचा आकडा म्हणजेच साडेसहापासून गेलेली मिनिटं. १२.३१ म्हणजे ३६१ नंबरची फ्रेम. असा सरळ हिशोब असला की पुढे कुठे गोंधळ झाला तर लगेच पकडता येतो.

रेंडर, म्हणजे दृश्यातून तयार चित्रं काढणं, सुटं पीएनजी चित्रांचं ठेवलं, थेट व्हिडिओ काढला नाही. मध्येच वीज गेली तर झालेलं काम वाया जात नाही, आणि व्हिडिओ हवा तेवढ्या वेळा, हव्या त्या पद्धतीने बांधता येतो.

ब्लेंडर ४.० पासून रंग दाखवण्याची मूळ पद्धत एजीएक्स आहे. निसर्गदृश्यांना ती छान दिसते, पण आमच्या सपाट, आकृतीसारख्या रंगांना फिकट करते. स्टँडर्डवर नेली.

९ मार्च

देवनागरी.

ब्लेंडरच्या मजकूर वस्तूत ‘शून्य सावली’ लिहिलं तर जोडाक्षर फुटतं. न चा पाय मोडून पुढे य सुटा पडतो. ‘मिनिट’ लिहिलं तर पहिली वेलांटी म च्या अलीकडे जाण्याऐवजी पलीकडे जाऊन बसते. अक्षरं एकापुढे एक मांडली जातात, ती जुळवण्याचं काम होत नाही. ज्यांनी मराठीत ॲनिमेशन केलं आहे त्या प्रत्येकाला हे भेटलेलं असतं.

नेहमीची वाट म्हणजे इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहायचा, त्याचे आकार करून एसव्हीजी म्हणून ब्लेंडरमध्ये आणायचा. शीर्षक एकदाच लिहायचं असेल तर ठीक. आमच्याकडे घड्याळ आहे, ते ७२० वेळा बदलतं.

त्यामुळे वेगळा निर्णय घेतला: चित्रात एकही अक्षर ठेवायचं नाही. सगळा मजकूर आणि घड्याळ पानावर, व्हिडिओच्या वर एचटीएमएलमध्ये. ब्राउझरला देवनागरी उत्तम जुळवता येते. अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, दिसत नसलेल्या मुलाला स्क्रीन रीडर ते वाचून दाखवू शकतो, आणि गाव बदललं तर पुन्हा रेंडर नको. फॉन्ट मुक्ता घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा. आकडे स्वच्छ आहेत आणि वापरायला मोकळा आहे.

याची किंमत आहे, ती नोंदवून ठेवतो. आता घड्याळ आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. त्या एकमेकींना धरून चालतील याची हमी आपल्याला द्यायची आहे.

१४ मार्च

एफएफएमपेग या व्हिडिओ बांधणाऱ्या प्रोग्रामने चित्रं जोडून पहिला एमपी४ बांधला. लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्ये सुरेख चालला. एका फोनच्या ब्राउझरमध्ये काळी चौकट, दुसऱ्यात नुसता फिरणारा गोल.

घरी केलेल्या ॲनिमेशनचं सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतं, म्हणून कारण सविस्तर लिहितो. फाइलचं नाव एमपी४ असणं म्हणजे फक्त डबा कुठला ते कळणं. आत एच २६४ पद्धतीने आवळलेलं चित्र आहे, आणि त्या पद्धतीतही पोटप्रकार आहेत. पीएनजीमध्ये प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग असतो. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर तो प्रामाणिकपणे तेवढाच रंग राखायला बघतो आणि वाययूव्ही ४४४ प्रकारची फाइल करतो. कॅमेऱ्याच्या व्हिडिओत मात्र चार पिक्सेलमागे एकच रंग ठेवलेला असतो, तो वाययूव्ही ४२०. फोनमधल्या व्हिडिओ उलगडणाऱ्या चिपा याच प्रकारासाठी बनवलेल्या आहेत. म्हणून पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०पी असं स्पष्ट सांगावं लागतं. एवढा एक शब्द आदेशात घातला आणि दोन्ही फोनवर व्हिडिओ सुरू झाला.

त्याच ओघात: दृश्य चौकोनी, बाजू ७२१ पिक्सेलची होती, काठी बरोबर मधल्या पिक्सेलवर यावी म्हणून. दोन बाय दोनच्या चौकटीत एक रंग बसवायचा तर रुंदी आणि उंची सम हवी. एनकोडर विषम आकार नाकारतो. ७२० केलं.

रंग कमी झाल्याचा परिणाम एका ठिकाणी दिसला. सावलीच्या टोकाचा माग दाखवणारी बारीक लाल रेघ हिरव्या जमिनीवर पुसट, शेवाळल्यासारखी झाली. आमच्या लाल आणि हिरव्या छटांचा उजेड जवळपास सारखा होता, फरक फक्त रंगाचा, आणि रंगच तर आपण कमी केला. जमीन गेरूच्या रंगाची आणि रेघ पांढरी केली. उजेडातला फरक प्रत्येक पिक्सेलला टिकतो, त्यामुळे रेघ धारदार आली. वारलीची रंगसंगती इथेही उपयोगी पडली याचा आनंद झाला.

१६ मार्च

गेरू किंचित नारिंगी दिसतोय. मूळ चित्र आणि व्हिडिओ शेजारी ठेवले तर कळतं.

पीएनजीतून व्हिडिओच्या रंगात जाताना एक गणिती कोष्टक लागतं. एफएफएमपेग आपण होऊन जुन्या टीव्हीचं बीटी ६०१ वापरतो. ब्राउझरला फाइलमध्ये खूण दिसली नाही तर तो अंदाज बांधतो, आणि एचडीच्या आकाराला तो अंदाज बहुधा बीटी ७०९ चा असतो. जाताना एक कोष्टक, येताना दुसरं, म्हणून रंग सरकतो. दोन गोष्टी कराव्या लागतात आणि दोन्ही हव्यात: रूपांतर बीटी ७०९ ने करायला सांगायचं, आणि तशी खूण फाइलवर उमटवायची. नुसती खूण लावली तर चूक तशीच राहते.

२१ मार्च

विषुवदिन कालचा-आजचा. गच्चीवर मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करून ॲनिमेशन तपासून घेतलं. आज पुण्यात सूर्य माथ्यावरून साधारण साडेअठरा अंश दक्षिणेला असतो, त्यामुळे मध्यान्हीला सावली ३३ सेंटीमीटर यायला हवी. मध्यान्ह १२ वाजून ४२ मिनिटांच्या जवळ. आणि या दिवसाची गंमत अशी की सावलीचं टोक दिवसभर जवळपास सरळ रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. खडूच्या खुणा जोडल्या तर सरळ रेघ आली. ब्लेंडरमध्ये तारीख २१ मार्च केली, तिथेही सरळ. दृश्याची उत्तर दिशा आणि वेळेचं गणित बरोबर आहे, आता खाली रेंडर लावायला हरकत नाही.

२७ मार्च

घरातल्या लॅपटॉपवर पायथनचा छोटा सर्व्हर लावून आयपॅडवर पान उघडलं. सगळं पान दिसतं, व्हिडिओ सुरू होत नाही. तीच फाइल, तोच आयपॅड, खऱ्या सर्व्हरवरून मात्र चालते.

आयपॅडचा ब्राउझर सफारी व्हिडिओ मागताना आधी अगदी छोटा तुकडा मागून बघतो. सर्व्हरने ‘हा घ्या तुकडा’ असं म्हणत २०६ क्रमांकाचं उत्तर दिलं तरच पुढे जातो. पायथनसोबत येणाऱ्या साध्या सर्व्हरला तुकडे द्यायची सोय नाही, तो २०० म्हणून अख्खी फाइल पाठवतो. क्रोममध्ये त्यावर व्हिडिओ चालतो, पण पट्टी ओढून पुढेमागे जाता येत नाही. चाचणीसाठी एनजिनएक्स हा तुकडे देणारा सर्व्हर लावला, प्रश्न मिटला. ज्यांना असा अनुभव येईल त्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बांधण्याआधी सर्व्हरचं उत्तर बघावं.

दुसरी गोष्ट फाइलच्या आतल्या रचनेची. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका एमपी४ मध्ये असते आणि एनकोडर ती सगळ्यात शेवटी लिहितो, कारण सगळं लिहून झाल्याशिवाय ती तयारच होत नाही. ब्राउझरला ती आधी हवी. फास्टस्टार्ट हा पर्याय दिला की एफएफएमपेग शेवटी ती उचलून पुढे आणून ठेवतो. गावाकडच्या नेटवर याचा फरक मोठा: पहिलं चित्र लगेच उमटतं.

भाड्याच्या सर्व्हरवर वेबएम (एमपी४ सारखाच व्हिडिओचा दुसरा डबा) फाइल चुकीच्या प्रकाराच्या नावाने जात होती, ‘कुठलीतरी फाइल’ अशा अर्थाच्या. सेटिंगमध्ये योग्य नाव लिहून दिलं.

२ एप्रिल

आजचा दिवस पट्टीचा. या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हटलं तरी चालेल.

नुसतं बघून मुलं शिकत नाहीत, ती पट्टी धरून सूर्य मागेपुढे नेतात. विज्ञानाच्या बाईंनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं होतं: “तुम्ही चालवून दाखवू नका हो, त्यांच्या हातात द्या.” व्हिडिओखाली साडेसहा ते साडेसहाची पट्टी ठेवली आणि ती ओढली की व्हिडिओ त्या क्षणावर न्यायचा. लॅपटॉपवर ठीक. चार वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनवर बोट पुढे जातं, सावली जागीच. मग एकदम उडी मारते.

व्हिडिओ आवळताना प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाहीत. एखादी पूर्ण लिहायची, पुढच्यांचा फक्त बदल लिहायचा. पूर्ण फ्रेम म्हणजे की-फ्रेम, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडासारखी. मधल्या कुठल्याही ठिकाणी पोचायचं तर मागच्या दगडापासून चालत यावं लागतं. एक्स २६४ हा एनकोडर दोन दगडांमध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. दृश्य एकदम बदललं तर तो मध्ये एखादी टाकतो, पण आमचा कॅमेरा हलतच नाही. अडीचशे फ्रेम म्हणजे आमच्या हिशोबाने चार तासांहून जास्त. मुलाने बोट साडेबारावर नेलं की फोनला शंभराहून जास्त फ्रेम उलगडत यावं लागतं, आणि तोवर बोट पुढे गेलेलं असतं.

उलट टोकाला जाऊन प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिली. सावली बोटाला चिकटून चालली, अगदी जुन्या फोनवरही. बघताना फार बरं वाटलं. पण सव्वा एमबीची फाइल पंचवीस एमबीच्या पुढे गेली, आणि ती मोबाइल डेटावर सहा गावांसाठी पाठवायची हे पटण्यासारखं नाही. शेवटी दर १२ फ्रेमला एक की-फ्रेम ठेवली. फाइल साडेतीन एमबीच्या आसपास, आणि जास्तीत जास्त अकरा फ्रेमचं चालणं. जुन्या फोनलाही ते जमतं.

शिवाय बोट सरकतं तेव्हा ब्राउझरला प्रत्येक पिक्सेलला नवी मागणी करायची नाही. एक मागणी पूर्ण झाल्याचा निरोप आला की मगच ताजी जागा मागायची, मधल्या सोडून द्यायच्या. हे फार कमी ठिकाणी केलेलं दिसतं आणि फरक मात्र लगेच जाणवतो.

५ एप्रिल

घड्याळ १२.३१ दाखवतं आणि सावली १२.३० ची. कधी कधी. एखाद्याच ब्राउझरमध्ये.

३६१ ला २४ ने भागलं की १५.०४१६६… असा न संपणारा अपूर्णांक येतो. तो साठवताना शेवटचा अंक किंचित खाली गेला तर ब्राउझरच्या लेखी आपण अजून ३६० नंबरच्या फ्रेममध्येच आहोत. फ्रेमच्या उंबरठ्यावर उभं राहायचंच नाही, हा उपाय. अर्धी फ्रेम पुढे जायचं: ३६१.५ भागिले २४, म्हणजे १५.०६२५ सेकंद. फ्रेमच्या मधोमध. आता गोंधळ नाही.

व्हिडिओ चालू असतानाचं घड्याळ हा वेगळा विषय. टाइमअपडेट नावाचा निरोप बघून ते बदलत होतो. तो निरोप पुष्कळदा सेकंदाला चारच वेळा येतो. पाव सेकंदात आमच्या सहा फ्रेम जातात, म्हणजे घड्याळ सहा-सहा मिनिटांनी उडतं. एक मीटर काठीची सावली मध्यान्हीजवळ मिनिटाला साधारण ४ मिलीमीटर सरकते. सहा मिनिटं म्हणजे अडीच सेंटीमीटर. शून्य सावली म्हणायचं आणि अडीच सेंटीमीटर सावली दाखवायची, हे चालणार नाही.

ब्राउझरांमध्ये आता यासाठीच एक सोय आहे: रिक्वेस्ट व्हिडिओ फ्रेम कॉलबॅक. पडद्यावर जी फ्रेम खरोखर गेली तिचीच वेळ ती सांगते. क्रोममध्ये ही २०२० पासून आहे, नंतर सफारीत आली, आणि फायरफॉक्समध्ये १३२ व्या आवृत्तीपासून. घड्याळ त्या वेळेवरून लिहायला लागलो. जिथे ही सोय नाही तिथे पडद्याच्या प्रत्येक ताजेपणाला चालू वेळ वाचायची. फोन दमून दोन-चार फ्रेम गाळेल तर गाळू दे, पण जी दाखवेल तिचीच वेळ लिहिली जाईल. २ मार्चची अट इथे पूर्ण झाली.

१२ एप्रिल

आमच्या गटातल्या एका मुलाने व्हिडिओशिवाय, कॅनव्हासवर (पानावरच्या चित्र काढायच्या जागेवर) सावली काढणारं छोटं पान केलं आहे. अक्षांश टाका, तारीख टाका, सावली बघा. गणित चोख आहे. आज आठवीतल्या एका मुलीने ते वडिलांच्या नव्या फोनवर उघडलं आणि म्हणाली, “दादा, यात सूर्य फारच घाईत आहे. बाईंच्या फोनवर असा पळत नव्हता.”

तिचं निरीक्षण एकदम बरोबर होतं. ब्राउझर पडद्याच्या प्रत्येक ताजेपणाआधी आपल्याला हाक मारतो, पुढचं चित्र काढा म्हणून. बाईंच्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, वडिलांचा १२०. प्रत्येक हाकेला सूर्य एक पायरी पुढे न्यायचा असं लिहिलं असेल तर महागड्या फोनवर दिवस निम्म्या वेळात मावळणारच. हाकेसोबत ब्राउझर नेमकी वेळही सांगतो. मागच्या हाकेपासून किती मिलिसेकंद गेले ते बघून तेवढाच सूर्य सरकवायचा, मग पडदा कुठलाही असो.

त्याला समजावून सांगितलं, त्याने लगेच बदललं. मीच मग विचारलं, दुसऱ्या टॅबवर जाऊन आलं तर? टॅब मागे गेला की हाका थांबतात, आणि परतल्यावर मधला सगळा वेळ एकदम मोजला जातो. सूर्य उडी मारून मावळतीला. त्यालाही एक मर्यादा घातली: मधलं अंतर फार असेल तर ते एका पायरीएवढंच धरायचं.

कॅनव्हासवरच्या रेघा फोनवर धूसर दिसत होत्या. पडद्याचे खरे पिक्सेल पानाच्या पिक्सेलांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतात, कॅनव्हास तेवढ्या पटीत मोठा करून काढायचा. तेही झालं.

१५ एप्रिल

बाईंनी जिफ मागितली, पालकांच्या ग्रुपवर टाकायला. करून दिली, पण पानावर ठेवणार नाही. जिफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात. २४ फ्रेमसाठी ४.१६ भाग हवेत, ते लिहिताच येत नाहीत. ४ लिहिले की २५ फ्रेमचा वेग होतो. आकडा आणखी कमी करून वेग वाढवायला गेलं तर ब्राउझर ० किंवा १ ला १० मानतात आणि चित्र रांगायला लागतं. रंग २५६ च. आणि मुख्य म्हणजे थांबवता येत नाही, १९८७ मध्ये हा प्रकार आला तेव्हा त्याच्याकडून ती अपेक्षाही नव्हती. आमंत्रण म्हणून ठीक.

१९ एप्रिल

आपोआप सुरू होणं. आवाज असलेला व्हिडिओ पान उघडताच वाजायला लागू नये, असं सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी २०१७ ते २०१९ च्या दरम्यान ठरवलं, आणि ते योग्यच आहे. आमच्या व्हिडिओला आवाज नाहीच, तरी म्यूटेड असं लिहून ठेवलेलं बरं. आयफोनवर प्लेज इनलाइन असं लिहिलं नाही तर व्हिडिओ पान सोडून पूर्ण पडद्यावर जातो, आणि घड्याळ व पट्टी मागे राहतात. दोन्ही शब्द लिहिले.

आयफोन लो पॉवर मोडमध्ये असेल तर एवढं करूनही आपोआप सुरू होत नाही. हा दोष मानू नये, बॅटरी वाचवायला माणसानेच सांगितलेलं असतं. सुरू करण्याची मागणी नाकारली गेली की ब्राउझर तसं कळवतो. ते उत्तर ऐकून मोठं ‘सुरू करा’ बटण दाखवायचं. बटण सुरुवातीच्या पहाटेच्या चित्रावर येतं, काळ्या चौकटीवर नाही.

हालत्या चित्राने ज्यांना गरगरतं ते फोनमध्ये ‘हालचाल कमी’ असं ठरवून ठेवतात. पानाला ते वाचता येतं. त्यांच्यासाठी व्हिडिओ थेट ३६१ नंबरच्या फ्रेमवर थांबलेला ठेवतो, पट्टी त्यांच्या हातात.

२४ एप्रिल

गटाच्या जुन्या सीडीत २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाचं फ्लॅश ॲनिमेशन सापडलं. सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी छायेची वाट, आणि पुण्यातून खंडग्रास किती दिसेल ते. तेव्हा किती मेहनत घेतली होती! १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर असा मजकूर चालवणं बंद झालं आणि हे सगळं कुलपात पडलं.

रफल नावाचा मोकळा प्रकल्प अशा फाइली ब्राउझरमध्ये चालवतो, काही न बसवता. आमची फाइल त्यात उघडली. चंद्र सरकतो, छाया सरकते. त्या काळी लिहिलेले मराठी शब्द आकार करून घातले होते म्हणून तेही शाबूत. तरी एवढ्यावर विसंबणार नाही: फ्रेम काढून घेतल्या आणि याच पद्धतीने व्हिडिओ बांधून ठेवला. यंदाच्या कामाचं मूळही, म्हणजे ब्लेंडरची फाइल, पीएनजी आणि आदेशांचा कागद, एकत्र जपायचं. व्हिडिओचे प्रकार बदलत राहतील, पीएनजीतून पुन्हा बांधता येईल.

३० एप्रिल

सहा गावांची रेंडर पूर्ण. सावंतवाडी ३ मे, कोल्हापूर ६ मे, पुणे १३ मे, मुंबई १५ मे, नाशिक २० मे, नागपूर २६ मे. दक्षिणेकडून उत्तरेकडे सूर्य चढत जातो तशी ही यादी चढते. मध्यान्हही गावागणिक वेगळी: मुंबईत १२.३५ च्या जवळ, नागपुरात १२.१० च्या सुमाराला, कारण नागपूर बरंच पूर्वेला. गाव निवडलं की पट्टीवरची खूण सरकते, हे बघून बाई म्हणाल्या, “रेखांशाचा धडाच झाला की हा.”

प्रत्येक गावासाठी दोन फाइली ठेवल्या आहेत. आधी व्हीपी९ या आवळण्याच्या पद्धतीची वेबएम, आकाराने लहान. ती ज्याला जमणार नाही त्याला एच २६४ ची एमपी४. ब्राउझर यादीतली चालण्यासारखी पहिली उचलतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. एव्ही१ या नव्या पद्धतीची फाइल आणखी लहान होते, पण स्वस्त फोनांमध्ये ती उलगडणारी चिप नसते आणि पट्टी ओढली की फोन तापतो. यंदा नाही.

निवडलेल्या गावाचाच व्हिडिओ उतरतो, बाकीच्यांचं फक्त पहिलं चित्र.

७ मे

काल कोल्हापूर. तिकडच्या एका शिक्षकांनी मुलांना दुवा आधीच पाठवला होता. मुलांनी सकाळी पानावर पट्टी ओढून बघितलं, आणि साडेबाराच्या आसपास अंगणात बाटली, रूळ, पाइपाचा तुकडा, जे मिळेल ते उभं करून पडताळलं. एका मुलाने अंगणातला फोटो आणि पानाचं चित्र शेजारी लावून पाठवलं, घड्याळासकट. मिनिट जुळतं.

एक अडचण कळली. निरोपाच्या ॲपमधून दुवा उघडला की तो त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतो, आणि तिथे पट्टी ओढताना पानच खाली सरकतं. पट्टीच्या जागेत आडवी ओढ आमची आणि उभी पानाची, असं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नियमांत, स्पष्ट लिहिलं. त्यांच्याच फोनवर पुन्हा बघून घेतलं, आता नीट चालतं. पुण्याच्या पानावरही हा बदल आज रात्री चढवला. मुंबई, नाशिक, नागपूर उद्या सकाळी. जुलै-ऑगस्टमधल्या दुसऱ्या तारखांची रेंडर जून महिन्यात लावायची आहे. त्या वेळी प्रत्येक गावाची मध्यान्ह दहा मिनिटांच्या आसपास पुढे जाते, म्हणजे पट्टीवरच्या खुणा नव्याने काढाव्या लागतील.